पहिल्या नंबरचा कोट

—हात खाली नको, हात खाली नको! काखेत टाचणी आहे. पसरूनच ठेवा दोन्ही, वाळत घातल्यासारखे — हां, असे. टोचली का? टोचू द्या थोडी, शिंप्याकडे येऊन एकही टाचणी न टोचता गेलेला माणूस मी अजून पाहिला नाही. आणि पँटची काळजी करू नका हो, पँट होईल. पायाशी दोन बोटं वर घ्यायची, त्यात काय, तुमचा चहा होईपर्यंत होईल — म्हणजे चहा सांगितला असता तर. आधी हा कोट. कोट महत्त्वाचा. तर मी काय सांगत होतो — बचाव. तुम्ही विचारलंत ना, सहाच्या सहा राक्षस हल्ला करणारेच घेतले तर बचाव कोण करणार? सगळे नवशिके हेच विचारतात. राग मानू नका, नवशिके म्हटलं म्हणून — काल तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून फोनवर हा राक्षसांचा खेळ खेळत होतात ना, पँट द्यायला आला होतात तेव्हा, मी इथून मशीनमागून बघत होतो. सहात दोन मलमपट्टीवाले! दोन! एक जखमा चाटणारा आणि एक तो फुगीर बेडूक, जो नुसता डोळे मिटून बसतो आणि बरा होतो. अहो, लढाई करायचीय का दवाखाना काढायचाय? आणि तरी तुम्ही हरलात. हरणारच. बचाव करणारा माणूस हरतच असतो, फक्त जरा उशिरा हरतो, एवढंच. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे आधी हात, मग बात.

जरा वळा. पाठ. हां — हल्ल्याचा संघ बांधायचा म्हणजे कसं, कोट बांधण्यासारखंच आहे ते. लोकांना वाटतं सहा जबरदस्त राक्षस उचलले, सोडले, झालं. मग ते सहाही एकमेकांच्या पायात पाय घालून पडतात. नुसतं ताकदवान असून काय होतंय? वेग लागतो. समोरच्याने हात उचलायच्या आधी आपला हात पोचला पाहिजे. म्हणून झपाट्या — तो मुंगसासारखा, शेपटीतून ठिणग्या निघतात बघा — तो हवाच. मग फुरफुऱ्या. फुरफुऱ्याला एक मोकळी खेळी मिळाली पाहिजे, एकच, कुणी त्याला हात न लावता. त्या एका खेळीत तो जो फुगतो, जो फुगतो, की मग समोर कुणी का येईना, एकेका फटक्यात गार. पण ती मोकळी खेळी त्याला द्यायची कुणी? शत्रू देणार? शत्रू कशाला देईल! आणि इथे येतो काट्याळ. माझा काट्याळ. ते जाडं कासव — तुम्ही हसलात काल त्याचं चित्र बघून, सगळेच हसतात. काट्याळ सगळ्यात पहिला जातो. जातो, मैदानभर काटे पसरतो, आणि पडतो. बस. एवढंच काम त्याचं. तो जिंकायला नाहीच आहे. पण तो पडला की काय होतं — हे नीट ऐका, यात सगळी विद्या आहे — उभ्या राक्षसाला परत बोलावून दुसरा पाठवला तर त्या दुसऱ्याला येतायेताच फटका बसतो. पण पहिला पडला असेल, तर दुसरा येतो तो ताजा, टवटवीत, अंगाला धूळसुद्धा नाही. पडलेल्याच्या पाठीवर पाय देऊन येतो म्हणा ना. आणि समोरचा दमलेला, काट्यांवर उभा. मग काय, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा! ज्याने ही म्हण काढली ना, तो हाच खेळ खेळत असणार.

खांदा उतरतोय तुमचा. म्हणजे कोटाचा. तुमचा पण उतरतोय तसा, पण कोट भरदार खांद्याच्या माणसाचा आहे ना, म्हणून जास्त दिसतं. हो, दुसऱ्याचा आहे. म्हणजे संघाचाच आहे, पाठीवर एकचा आकडा आहे बघा, हे तिन्ही कोट मीच शिवले. एक, दोन, तीन. तीन नंबर घड्याळवाल्याचा — तो आमचा तिसरा गडी, समोरच्या बोळात घड्याळं दुरुस्त करतो, त्याला अजून कोट घालून खेळायची वेळच आली नाही बिचाऱ्याला. दोन नंबर माझा. आणि हा एक, स्पर्धेत तुम्ही घालायचा तो. कारण आमच्या स्पर्धेचा नियम ठाऊक आहे ना तुम्हाला? तीन-तीन जणांचा संघ, आणि एकामागून एक. पहिला पहिल्याशी खेळतो, जो हरतो तो उठतो, जो जिंकतो तो बसून राहतो — पण आहे तसा, त्याचे जे राक्षस उरले असतील, जखमी, लुळेपांगळे, तेवढेच घेऊन. आणि मैदानावर जे काटे पडलेत ते तसेच राहतात. कळतंय ना मी कुठे चाललोय? म्हणजे जे काट्याळचं, तेच पहिल्या गड्याचं! पहिला जातो, समोरच्याला रक्तबंबाळ करतो, काटे पसरतो, पडतो. मग दुसरा येतो — म्हणजे मी — आणि झाडू मारतो. सगळा हॉल उभा राहतो तेव्हा. टाळ्या. त्या टाळ्या ऐकण्यासारख्या असतात हो.

काय? नाही, तुम्ही हरायला कशाला — हरणं हा शब्दच चुकीचा आहे. त्याला जागा करून देणं म्हणतात. मान सरळ ठेवा. खडू लागेल कॉलरला.

हो, भावाचाच आहे. कुणी सांगितलं, घड्याळवाल्याने? त्याच्या पोटात काही राहायचं नाही. माझ्या धाकट्या भावाचा. असो. धाकटा तयार झाला होता या कामासाठी, म्हणजे जन्मापासूनच म्हणा ना. काय स्वभाव! लहानपणीची गंमत सांगतो. मी नापास झालो. चांगला दणदणीत नापास, एखाददुसऱ्या विषयात नव्हे. आणि आमचे वडील — हे दुकान त्यांचंच, ही कात्रीसुद्धा त्यांचीच — वडील म्हणजे जमदग्नी. हातात गज असायचा लाकडी, मापाचा, आणि माप ते फक्त कापडाचंच घ्यायचे असं नाही. मी दाराबाहेर निकाल घेऊन उभा. मग मला सुचलं. धाकट्याला म्हटलं, तू आधी आत जा आणि सांग की तुझ्या हातून त्यांचा चष्मा फुटला. तो म्हणाला, पण दादा, फुटला नाहीये. म्हटलं, मग फोड. गेला बिचारा. फोडला. आतून जो काही आवाज आला — मी मोजत होतो, आता गज, आता हात, आता नुसता आवाज. आणि आवाजही दमला, तसा मी आत गेलो, निकाल पुढे ठेवला. वडिलांनी बघितला, म्हणजे चष्म्याशिवाय काय दिसणार, पण लांब धरून बघितला, आणि म्हणाले, "बरं. पुढच्या खेपेला कर अभ्यास." बस्स! एवढंच! अहो, ही खेळी मी आठ-नऊ वर्षांचा असताना खेळलो — बरं, दहा असेन — तेव्हा हा खेळ निघालासुद्धा नव्हता! आता बोला!

तुम्ही हसत नाही. सगळे हसतात या गोष्टीला. धाकटासुद्धा हसायचा. चार माणसांत मी ही गोष्ट सांगायला लागलो की तोच पुढचं वाक्य सांगायचा, 'मग फोड' म्हणून. आवडायची त्याला. …म्हणजे मला तर तसंच वाटायचं.

डावी बाही. फार लांब आहे, थांबा, दुमडतो. कापत नाहीये, नाही, कापू कशाला? आत माया ठेवून दुमडतो, जास्तीचं कापड आतच राहतं. बरं असतं. कापड कापलं की कापलं, परत जोडता येत नाही, आणि उद्या कुणाला लागला कोट — म्हणजे कुणी भरदार माणूस आला संघात तर. कुणीही. तुम्हाला थोडं जाड वाटेल आतून, मनगटाशी, पण खेळताना कळायचं नाही.

तर अशी आमची जोडी. दुकानात गिऱ्हाईक भांडायला आलं, बाही तोकडी झाली, वेळेवर दिलं नाही — पुढे धाकटा. त्याचं डोकं खाऊन खाऊन माणूस थंड झाला की मी आतून यायचो, म्हणायचो, 'काय झालं साहेब? अरेरे! मी बघतो ना.' माणूस म्हणायचा, थोरले मालक किती समजूतदार! लग्नाचंही तेच. माझं हो. हिच्या वडिलांकडे पहिला निरोप घेऊन धाकटाच गेला. त्यांना शिंपी जावई नको होता. दोन तास त्याला उभं करून बोलले म्हणे — कूळ काढलं, दुकान काढलं, वडिलांचा गजसुद्धा काढला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर म्हाताऱ्याचा घसा बसलेला! बोलताच येईना. मानेनेच हो म्हणाले. आमची ही अजून म्हणते, 'तुम्ही स्वतःच्या लग्नातसुद्धा दुसऱ्या नंबरवर आलात.' गमतीने म्हणते. पूर्वी गमतीने म्हणायची, आता जरा वेगळ्या आवाजात म्हणते, पण वाक्य तेच.

आणि आई. आई आजारी पडली तेव्हा — ते लांबलं जरा. अंथरुणावर होती ती खूप दिवस. आता दोघांनीही जागून काय उपयोग, सांगा मला? दोघंही दमणार. एक गडी ताजा हवा. शेवटी माणसं येणार, डॉक्टरांशी बोलायचं, नातेवाइकांना बघायचं, तिथे लाल डोळ्यांचा, दाढी वाढलेला माणूस कसा चालेल? म्हणून धाकटा राहिला तिच्याजवळ, आणि मी दुकान सांभाळलं. शेवटच्या आठवड्यात मी गेलो. सगळं केलं मी, सगळं, कुठे कमी पडू दिलं नाही. मामा म्हणाला सगळ्यांसमोर, थोरल्याने आईचं किती केलं बघा. धाकटा तेव्हा स्वयंपाकघरात जमिनीवरच झोपला होता, भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून. त्याला कुणीतरी उठवायला निघालं, मी म्हटलं, झोपू द्या त्याला. मीच म्हटलं. हे लक्षात ठेवा, हे मीच म्हटलं.

आईने शेवटी त्याचंच नाव घेतलं. पण ती भ्रमात होती, माझा चेहरा तिला ओळखू येत नव्हता.

असो, असो. कुठून कुठे गेलो मी. पाठ सरळ करा. तुम्ही पोक काढता का नेहमी? छान आहे, छान आहे, तशीच ठेवा पोक, मला लागणार आहे ती. सांगतो ना. हात खाली करा आता, ही बाजू झाली. फक्त पोटाशी हलू नका.

बरं, तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगतो, कारण घड्याळवाला तिखटमीठ लावून सांगेल. मागच्या मोसमाची अंतिम लढत. नेहमीप्रमाणे धाकटा पहिला. हाच कोट. हॉल भरलेला, वर मोठा पडदा, आणि मी मागे खुर्चीत, बोटं चोळत, तयार. माझा फुरफुऱ्या तयार. धाकट्याने काट्याळ पाठवला, काटे पसरले, काट्याळ पडला — सगळं कसं ठरल्याप्रमाणे. मग दुसरा राक्षस पाठवला. तो पडेना. मी म्हटलं, असेल, नशीब. मग समोरचा पहिला गडी हरला, उठला. दुसरा बसला. तोही हरला! धाकट्याजवळ उरलेत दोन राक्षस, दोन्ही जखमी, आणि तो खेळतोय — कसा खेळतोय! मी त्याला असं खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. खोटं कशाला बोलू, पाहिलं होतं. घरी, एकटा असताना, मी दारात उभा आहे हे त्याला कळायच्या आधी. समोरचा तिसरा बसला. अख्खा हॉल उभा. माझ्यासाठी उभा राहायचा तो हॉल! आणि धाकट्याने शेवटच्या एका राक्षसावर — एका! — तिसराही पाडला. संपलं. चषक आमचा. आणि मी खुर्चीत. माझी बोटं अजून गरम, आणि मला खेळायलाच मिळालं नाही.

लोक त्याला उचलायला धावले. आणि मी — आता त्या क्षणी माणूस काही विचार करून बोलत नाही हो — मी ओरडलो. चांगला मोठ्याने. तो ध्वनिक्षेपकवाला जवळच होता, त्यामुळे अख्ख्या हॉलला गेलं. मी म्हणालो, "तुझं काम पडायचं होतं!" जिंकलेल्या संघाचा नायक हे बोलतोय म्हटल्यावर धावलेले लोक वाटेतच थांबले. धाकटा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही हो, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं, रागाचं मी बघून घेतो. तो म्हणाला, "दादा, आज मला पडावंसं वाटलं नाही." एवढंच. कोट काढला. वडिलांनी शिकवलं होतं तशी घडी घातली, अस्तर बाहेर, बाह्या आत. माझ्या मांडीवर ठेवला आणि गेला.

आणि गेला कुठे? तर समोर! त्या कोपऱ्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानात! तयार कपड्यांच्या! अहो, शिंप्याचा मुलगा, आणि हँगरला लटकवलेले कोट विकतो! चार मापांत सगळी दुनिया कोंबतात ते. वडील असते तर — मान वळवू नका. हो, तोच. दाराशी उभा आहे तोच, टेप गळ्यात घातलेला. टेपची काही गरज नसते त्या दुकानात, पण गळ्यात घालतो. सकाळी जरा उशिरा येतो, दुपारी जेवायला जात नाही, आणि पाऊस आला की बाहेरचे पुतळे तोच आत घेतो. मला काय करायचंय म्हणा. माझं मशीनच दाराकडे तोंड करून आहे, दिसतं त्याला मी काय करू.

आता मुद्द्याचं. रविवारी समोर त्यांचाच संघ आहे. त्या तयारवाल्यांचा. आणि त्यांच्यातही पहिला कोण? धाकटा! तिथेही पहिलाच! फरक एवढाच की तिथे तो पडत नाही. या मोसमात समोर आलेल्या एकेकाला त्याने उताणा पाडलाय, काटे नाहीत न् काही नाही, सरळ हिशोब. मी रात्रंदिवस डोकं फोडलं. झपाट्याने काही होत नाही त्याचं, फुरफुऱ्याला तो फुगूच देत नाही, माझी प्रत्येक खेळी त्याला पाठ, आणि पाठ का नसणार, त्यानेच तर — म्हणजे आम्ही दोघांनी मिळून बसवलेल्या त्या. बरं, बहुतेक त्यानेच. पण हल्ल्याचा नियम काय? फट शोधा. कितीही चिरेबंदी असो, कुठेतरी फट असतेच. आणि मला सापडली! तो एकदा हरलाय. एकदाच. कुणाशी, माहितीये? एका निवृत्त मास्तरीणबाईंशी! चुकीची बटणं दाबतायत, आणि मागून त्यांचा संघनायक त्यांच्यावर खेकसतोय, दात-ओठ खातोय. बाई घाबरून मागे वळून वळून बघतायत. आणि धाकटा — मी प्रेक्षकांत होतो, मागच्या रांगेत, टोपी घालून — धाकट्याने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा त्या खेकसणाऱ्याकडे बघितलं, आणि हातातला जिंकलेला डाव सोडून दिला. इतका सफाईने, की कुणाला कळलंसुद्धा नाही. मला कळलं. मला कळणार नाही तर कुणाला कळणार, त्याचं पडणं मी आयुष्यभर बघत आलोय. मी तिथल्या तिथे ताडकन उठलो. म्हटलं, सापडली!

आता लक्षात आलं तुम्हाला? तुम्हाला खेळायचंच नाहीये! तुम्ही फक्त त्याच्यासमोर बसायचं, हा कोट घालून. त्याचाच कोट. जरा ढगळ राहिला तर उलट उत्तम. हे बघा, मी तुमचा खेळ बघून नाही निवडलं तुम्हाला, खेळ तुमचा यथातथाच आहे. मी तुमचा चेहरा बघून निवडलं. काल त्या बाकावर तुम्ही हरलात ना, तेव्हा तुमचा चेहरा असा काही पडला — अहो, बघणाऱ्याला उठून पाणी द्यावंसं वाटेल! म्हटलं, देवाने पाठवला हा माणूस, पँट घेऊन. तर तुम्ही बसायचं, पोक काढून, आणि मी मागून ओरडणार. भयंकर ओरडणार, नाही नाही ते बोलणार, पण मनावर घ्यायचं नाही. तुम्ही फक्त दर थोड्या वेळाने वळून माझ्याकडे बघायचं — हां! हां, हेच! आत्ता बघताय ना, अगदी हेच! असंच बघायचं! काय नैसर्गिक आहे हो तुम्हाला! यापुढे तो टिकणारच नाही, सोडणार डाव, हमखास सोडणार, कुणाला बोलणी बसताना बघवत नाही त्याला. तो उठला की मग त्यांचे उरलेले दोघे म्हणजे काय, पालापाचोळा. मग मी—

अहो, बटणं का काढताय? टाचण्या आहेत! थांबा, फाटेल. अस्तर फाटेल हो त्याचं! काय झालं? चेहऱ्याचं बोललो ते लागलं का? गंमत केली. चांगला आहे चेहरा. …पैसे नकोत मला पँटचे. नाही? मग काय? मी फसवत नाहीये कुणाला, नियमात कुठे लिहिलंय की समोरच्याला दया येता कामा नये?

काय म्हणालात? मी? मीच का नाही जात पहिला?

हे बघा, प्रश्न तसा नसतो. मी संघनायक आहे. मी पहिला गेलो तर मागून कोण — तो कोट काढा सावकाश, बाही आतून धरा — मी पहिला गेलो तर मागून कोण येणार? घड्याळवाला? आणि मी तिथे बसून मागे वळून बघणार कुणाकडे? माझ्यावर ओरडायला कोण आहे तिथे? वडील तर गेले. नाही, ते जमणारच नाही. मी त्याच्यासमोर बसायचं म्हणजे… समजा, बसलो. समजा, त्याने माझ्याकडे बघितलं. आणि माझा चेहरा पडलेलाच असणार, त्यासाठी मला काही करावं लागणार नाही, त्या दिवसापासून तो पडलेलाच आहे. आणि त्याने नीट बघितलं, सगळं ओळखलं, आणि तरीसुद्धा खेळला. पाडले माझे एकेक करून सगळे. तर? मग काय उरलं माझ्याजवळ? आत्ता निदान मला असं वाटतं तरी — मी समोर असतो तर त्याने सोडला असता डाव. माझ्यासाठी सोडलाच असता. हे वाटणं आहे म्हणून मी सकाळी दुकान उघडतो हो. ते वाटणं खरं की खोटं, हे तुमच्या चेहऱ्यावर लावून बघता येतं मला. माझ्या स्वतःच्या नाही लावता येत.

जा तुम्ही. द्या तो कोट इकडे. हो, मीच काढतो टाचण्या, तुमचं काम नाही ते. मी काही तुमच्याशी वाईट वागलो नाही, एवढं सांगा बाहेर. आणि जाताना ते दार — दार नीट—

थांबा. थांबा जरा. तो रस्ता ओलांडतोय. दुकान सोडून कुठे चालला? टेप तशीच गळ्यात. त्याला कोट दिसला असणार. तुमच्या अंगावर दिसला असणार, काचेतून, मघापासून — अहो, तो इकडेच येतोय. इकडेच! हे बघा, ऐका, तुम्ही पुढे व्हा. तुम्ही बोला आधी त्याच्याशी. काहीही बोला, पँटचं बोला, म्हणा मालक बाहेर गेलेत, त्याला काय बोलायचंय ते बोलू दे, तुम्ही नुसतं ऐकून घ्या, मग तो जरा निवला की मी आतून, इस्त्रीमागून — अहो! कुठे निघालात? असं काय करता, मिनिटभर पुढे उभं राहायला काय जातं तुमचं? अहो—

गेला.

…ये. ये ना. मीच आहे. दुसरं कुणी नाही पुढे.